बुधवारच्या बाजाराला पायी जाता येईल असे नाशिक हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत ३१ वर्षे कंडक्टर होतो. निवृत्त होऊन आता आठ वर्षे झाली. राहायला पंचवटीत, मालेगाव स्टँडजवळ. घरात स्कूटर आहे ती मुलाच्या नोकरीसाठी, त्यामुळे माझी सगळी कामे पायी होतात. रोज सकाळी होळकर पूल ओलांडून रविवार कारंजा, पुढे रेड क्रॉस, सांगली बँक सिग्नल असे करत सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचायला जातो. बुधवारी संध्याकाळी सौ.ला घेऊन गंगेवरच्या आठवडे बाजारात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.)

सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहर भरून गेले आहे. रिंगरोड, पूल, घाट यांच्या बातम्या मी रोज वाचतो. ही कामे व्हायलाच हवीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या बातम्यांत चालणारा माणूस मला कुठे सापडत नाही, आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारची गोष्ट. सौ.च्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले. ती चालते, पण उंच पाय टाकता येत नाही. बाजारातून मेथी, गवार आणि पाव किलो आले घेऊन आम्ही घाटावरून वर चढलो. वर आल्यावर फुटपाथ सुरू होतो, पण त्यावर चढायचे कसे? कडेचा दगड इतका उंच की तिचा पाय पोचेना. खाली रस्त्याच्या कडेने चालावे, तर रिक्षा आणि दुचाकी अंगाला घासून जात होत्या. मी पिशवी खाली ठेवून तिला दोन्ही हातांनी आधार दिला. तरी जमेना. शेवटी कॉलेजातली एक मुलगी थांबली, तिने दुसऱ्या बाजूने हात धरला, तेव्हा कुठे सौ. वर चढली. वर चढून दहा पावले झाली नाहीत तोच वीजपेटी आडवी आली, तिच्या पुढे तीन मोटरसायकली लावलेल्या. पुन्हा खाली उतरावे लागले. चढण्यापेक्षा उतरताना तिला जास्त दुखते, हे मला त्या दिवशी कळले. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि पुढच्या बुधवारी म्हणाली, "तुम्हीच जाऊन या."

दुसऱ्या दिवशी मी नातवाची लाकडी पट्टी घेऊन गेलो आणि तो दगड मोजला. साडेअकरा इंच. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे पायी चालणाऱ्यांसाठीचे मार्गदर्शन आहे, त्यात फुटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच सांगितली आहे. आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट. वीजपेटी, झाडाचा पार, फलकाचा खांब हे सगळे सोडून सहा फूट. माझ्या रोजच्या वाटेवर अशी सलग सहा फूट मोकळी जागा मला मिळत नाही.

पायरीचे दुखणे मला नोकरीने शिकवले. एसटीची पहिली पायरी उंच असते. म्हातारी आजी आधी पिशवी वर ठेवते, मग दांडा धरते, मग एक पाय उचलते आणि क्षणभर थांबते. त्या क्षणी कंडक्टरने "आजी, हात द्या" म्हणायचे असते. डबल बेल मारायची घाई केली की माणूस पडतो. गाडीत दांडा असतो, कंडक्टर असतो. फुटपाथच्या कडेला यातले काहीच नाही. जी बाई तिथे थांबते आणि मागे फिरते, तिची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

वाचनालयात बसून वाचलेली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालण्यायोग्य फुटपाथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. फुटपाथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत आणि त्यांवरची अतिक्रमणे हटली पाहिजेत, हेही त्यात आले. ते वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. इतकी वर्षे आम्ही ज्याला गैरसोय समजत होतो, तो आमचा हक्क होता.

अतिक्रमण म्हटले की पहिली टोपली उचलली जाते ती फुलवालीची किंवा भाजीवालीची. ते मला मान्य नाही. टोपलीला दोन फूट जागा लागते आणि ती बाई कुणी आले की टोपली बाजूला सरकवते. चारचाकी सरकत नाही. दुकानापुढे फुटपाथवर चाके चढवून लावलेली एक गाडी चार टोपल्यांची जागा खाते, दिवसभर खाते. विक्रेत्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याप्रमाणे त्यांना आखून जागा द्यावी. गाड्यांना मात्र फुटपाथवरून खाली उतरवलेच पाहिजे.

बस थांब्यांचेही तेच. २०२१ मध्ये शहर बस नव्याने सुरू झाली तेव्हा माझ्यासारख्या माणसाला किती आनंद झाला असेल! पण थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात, म्हणून बस रस्त्याच्या मध्यावर थांबते आणि माणसे वाहनांतून वाट काढत तिच्याकडे पळतात. थांब्याच्या पुढे-मागे बसच्या लांबीइतकी जागा मोकळी राखली, तर ड्रायव्हर आपणहून कडेला घेईल. कुठल्याही ड्रायव्हरला मधे थांबायची हौस नसते.

आता सिंहस्थाबद्दल. २७ ऑगस्ट २००३ या दिवशी मी ड्यूटीवर होतो. आमच्या गाड्यांनी उतरवलेली माणसे पायी रामकुंडाकडे निघालेली. दुपारी बातमी आली की सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली. ३९ माणसे गेली. चिंचोळी, उतरती गल्ली, आणि सगळी चालणारी माणसे. मी अजूनही त्या चौकातून जातो तेव्हा पाय आपोआप हळू पडतात. भाविक कितीही लांबून आला, विमानाने आला, रेल्वेने आला, तरी शेवटचा टप्पा त्याला पायीच गाठावा लागतो. त्याच गल्ल्यांतून आम्ही बाराही महिने दूध आणायला, दळण टाकायला जातो. आमच्यासाठी वाट नीट झाली तर ती त्याच्यासाठीही झालीच.

२०१५ च्या सिंहस्थात, २९ ऑगस्टच्या शाहीस्नानाला, आमच्या भागात वाहने बंद होती. त्या सकाळी मालेगाव स्टँडच्या उतारावर मला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला. बंदोबस्त फार कडक होता, लोकांना लांबून वळसे पडले, ती तक्रार खरीच होती. पण लहान मुले रस्त्याच्या मधून चालत होती आणि त्यांच्या आया त्यांना ओढत नव्हत्या, हे मी पाहिले आहे.

पुराचे पाणी किती चढले हे आम्ही गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो. कमरेला लागले, छातीला लागले एवढे म्हटले की साऱ्या गावाला कळते, आकडा लागत नाही. चालण्यासाठीही तसेच एक माप धरावे असे मला वाटते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेली बाई एकटी घरून निघून बुधवारच्या बाजारात जाते, चार किलो भाजी घेते आणि कुणाचा हात न धरता परत येते. हे जमले तर रस्ता झाला असे म्हणावे, तोवर काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. त्यासाठी फार पैसा लागेल असे मला वाटत नाही. चौकाचौकांत फुटपाथला उतार द्यायचा, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीला आणायची, वीजपेट्या भिंतीकडे सरकवायच्या. सध्या खोदकाम चालूच आहे. एकदा डांबर पडले की पुन्हा कोण उकरणार?

रस्त्यांच्या कामाशी संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातून माझी विनंती पोचवावी. येत्या बुधवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघे घाटावरच्या बाजारातून मालेगाव स्टँडकडे निघू. सौ.ला मी तयार केले आहे. त्यांनी गाडी लांब ठेवून आमच्याबरोबर चालावे. पट्टी मी आणतो.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी कंडक्टर
पंचवटी, नाशिक