पदवी दिली, पुढचं कोण विचारणार?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

स.न.वि.वि.

रावेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतो. १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी घरांत त्यानंतर पहिल्यांदा मुलगी पदवीधर झाली. त्यामुळे जागा कमी करा, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण पुढे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. हातावर पोट असलेल्याला थांबणं परवडत नाही, हे खरंच. आमची मुलं मात्र थांबलेली आहेत. पहाटे भरतीसाठी मैदानावर धावतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि जाहिरातीची वाट पाहता पाहता वय उलटून जातं.

इकडे शिवारात केळीची पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरण्याची केंद्रं, उभी आहेत. परदेशी जाणाऱ्या मालाचं तापमान १३ अंशांखाली गेलं की साल काळवंडते, माल हातचा जातो. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, किती सोडायचा, हवा कधी बदलायची, हे सगळं रसायनशास्त्रच आहे. माझे विद्यार्थी इथिलीनची रचना फळ्यावर बिनचूक काढतात, पण त्या खोलीत त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाऊलही टाकलेलं नसतं. जळगावच्या डाळमिलांची गोष्ट वेगळी नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतन मिळालं, त्याचा आधारही झाला. पण माझे काही विद्यार्थी तिथे फायलीच लावत राहिले, आणि मुदत संपताच पुन्हा अभ्यासिकेत आले.

२०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं, असं राष्ट्रीय धोरण सांगतं. म्हणजे तुकड्या वाढणारच. माझी मागणी एकच आहे: नव्या तुकडीला मान्यता देताना इमारत आणि ग्रंथालयासोबत, गेल्या तीन वर्षांतले पदवीधर आज काय करतात, किती कमावतात, याची यादीही मागा आणि ती जाहीर करा. ती द्यावी लागली की संस्थाचालक आपणहून पॅकहाऊसचं आणि डाळमिलचं दार ठोठावतील, शेवटच्या वर्षाला पगारी शिकाऊ उमेदवारी जोडून घेतील.

याची सुरुवात आमच्या विद्यापीठापासून, याच वर्षी करा. यादी करायला आम्ही तासिकेवरचे शिक्षक बसू. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर आमच्याकडे आहेत.

आपला,
रावेर तालुक्यातील एक शिक्षक