शुगरच्या गोळ्या मिळतात तिथंच डोळ्याचा फोटो निघावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केजमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे, नंबर मीच काढते. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपल्या दैनिकात बरंच वाचायला मिळतं. त्यातलं एक काम आमच्या बीड जिल्ह्याला उद्यापासून उपयोगी पडेल असं आहे, आणि त्याची चर्चा इथं होत नाही. मधुमेहामुळं डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार संगणकानं फोटोवरून ओळखणं, हे ते काम.

दुकानात आलेला माणूस "नंबर वाढलाय" एवढंच सांगतो. मी ट्रायल फ्रेम चढवते, काचा बदलते, तक्ता वाचायला लावते. ओळ पुढं सरकेना की बारीक छिद्राची काळी चकती डोळ्यापुढं धरते. चकतीतून स्पष्ट दिसलं तर नंबरचा दोष. चकतीतूनही तेवढंच अंधुक दिसत असेल आणि मोतीबिंदूही नसेल, तर माझा पुढचा प्रश्न ठरलेला : शुगर आहे का? "हाय की, गोळ्या चालू हायत." मग पडदा कधी तपासला? "डोळ्याला काय झालंय? शुगर तर रक्तात हाय."

गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीवरून परतलेली एक बाई जवळचा चष्मा करायला आली होती. वय पंचेचाळीसच्या आत. मी तिचा उजवा डोळा झाकला आणि ती एकदम गप्प झाली. डाव्या डोळ्यानं तिला माझी बोटं मोजता येत नव्हती. चांगल्या डोळ्याच्या जोरावर ती मोळ्या बांधत होती, स्वयंपाक करत होती, त्यामुळं दुसरा गेलाय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढं तपासणीत पडद्यावर रक्त उतरल्याचं निघालं. शुगरच्या गोळ्या ती कित्येक वर्षं घेत होती. गोळ्या देणाऱ्या कुणीही तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं नव्हतं.

या आजाराचा घात यातच आहे. वाढलेल्या साखरेनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या आतून खराब होतात. त्यांना फुगे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, चरबीचे पिवळे डाग साचतात. एवढं होऊनही माणसाला सगळं स्वच्छ दिसत असतं. पुढं नाजूक नव्या वाहिन्या उगवतात, त्या फाटून रक्तस्राव होतो, तेव्हा माणूस धावतो. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं उरलेली नजर राखायला फार उपयोगी आहेत, पण गेलेली नजर लेझरनं परत येत नाही. "लेझर केलं अन् डोळा गेला" असं आमच्याकडं सर्रास बोललं जातं. ते बिचारे डॉक्टरकडं गेलेलेच फार उशिरा असतात. म्हणून टाइप दोनचा मधुमेह निघाला की त्याच वेळी पडदा तपासायचा आणि पुढं साधारण दर वर्षी तपासत राहायचं, असा वैद्यकाचा नियम आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. चाळिशीपुढच्या मधुमेहींत साधारण आठांतल्या एकाच्या पडद्याला हा आजार आढळतो, असं दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत दिसलं. इतक्या लोकांचे डोळे दर वर्षी बघायला पडद्याचे डॉक्टर आणायचे कुठून? असतील तेही शहरात. पडदा बघायला थेंब टाकून बाहुली मोठी केली की काही तास धूसर दिसतं. सोबत कुणीतरी लागतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते.

इथं संगणक कामाला येतो. गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पडद्याचे सुमारे १ लाख २८ हजार फोटो वापरले होते. त्यांतले बरेच भारतातल्या डोळ्यांचे होते; अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या तीन रुग्णालयांतून ते गेले होते. ५४ डॉक्टरांनी ते तपासून आजार कोणत्या पायरीवर आहे ते ठरवलं. फुगा म्हणजे काय, डाग कसा दिसतो, हे संगणकाला कुणी सांगितलं नाही. तो अंदाज करायचा, चुकला की आतली गणितं थोडी बदलायची, असं करत तो डॉक्टरांच्या उत्तराजवळ पोचला. शिकण्याच्या या पद्धतीला डीप लर्निंग म्हणतात. एका चाचणीत, आजार सुटू नये अशा बेतानं लावल्यावर, त्यानं शंभर आजारी डोळ्यांतले ९७ च्या वर पकडले आणि शंभर निरोगींतल्या सहा-सातांवर विनाकारण शंका घेतली. २०१८ मध्ये अमेरिकेत अशाच एका यंत्राला डॉक्टरशिवाय निर्णय द्यायची परवानगी मिळाली.

पण यंत्र आणून ठेवलं की झालं, असं मुळीच नाही. थायलंडमध्ये गुगलचंच यंत्र ११ दवाखान्यांत नेलं, तेव्हा पाचांत एकाहून जास्त फोटो स्पष्ट नाहीत म्हणून त्यानं नाकारले. खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, नेट संथ होतं. आमच्याकडं मोतीबिंदू भरपूर, तेव्हा धूसर फोटोही भरपूर निघणार. ज्याचा फोटो नीट येत नाही त्याला 'सध्या काही नाही' म्हणून घरी पाठवलं तर घात होईल. त्याचं नाव डॉक्टरकडं पाठवायच्या यादीतच गेलं पाहिजे. शिवाय जे शिकवलं तेवढंच यंत्राला कळतं, त्यानं निर्धोक म्हटलं म्हणजे काचबिंदू नाही असं होत नाही. नेटचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. मोबाइलला जोडलेला कॅमेरा आणि नेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत तपासून पाहिलंय; त्याचे चांगले निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इंग्लंडचं उदाहरण. तिथं २००३ पासून मधुमेहींना दर वर्षी पत्र पाठवून बोलावू लागले, फोटो काढू लागले, प्रशिक्षित माणसं ते तपासू लागली. २००९-१० पर्यंत, कामाच्या वयातल्या लोकांना अंधत्व आणणाऱ्या कारणांत मधुमेहाचा पहिला नंबर तिथं राहिला नव्हता. हे घडलं त्यात डीप लर्निंगचा काही वाटा नव्हता. ते घडलं दर वर्षीच्या बोलावण्यानं आणि आजार निघालेल्याला उपचारापर्यंत पोचवण्यानं. आपल्याकडं फोटो तपासणाऱ्या माणसांची वानवा आहे, तेवढी जागा यंत्र भरून काढील. बोलावणं आणि पोचवणं आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून माझी मागणी शिबिराची नाही. शिबिराला हौशी लोक येतात आणि पुढच्या वर्षी ते शिबिर होईलच असं नसतं. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या दिवशी शुगरच्या गोळ्या वाटतात, त्याच दिवशी, त्याच रांगेत, थेंबांशिवाय चालणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो निघावा. आमच्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागात ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला साखर कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे येतात. तेव्हा ऊसतोड कुटुंबांचे फोटो पोळा ते दसरा एवढ्या काळात निघाले पाहिजेत. जानेवारीत गावात कॅमेरा आणला तर घराला कुलूप असतं. संशय निघालेल्याला नुसती चिठ्ठी देऊ नये. अंबाजोगाईच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली तारीख तिथंच लिहून द्यावी, आणि ती टोळी निघण्याच्या आधीची असावी. कोण गेलं, कोण राहिलं याची वही आशाताईंकडं असावी आणि त्या कामाचं मानधन त्यांना वेगळं मिळावं. सुरुवातीला यंत्राचे काही निकाल डॉक्टरांनी पुन्हा तपासावेत, कारण इथल्या डोळ्यांवर, इथल्या धुळीत ते कसं चालतं हे इथंच कळणार. फोटो पुढं कुठं वापरणार हे रुग्णाला मराठीत सांगून त्याची संमती घ्यावी.

जिल्हा नियोजन समितीनं येत्या आराखड्यात निदान एका तालुक्यासाठी ही तरतूद करावी. केजची निवड झाली तर गोळ्यांच्या दिवशी नंबर तपासायला मी माझी काचांची पेटी घेऊन येईन, फी घेणार नाही. आणि माझ्यासारख्या चष्मा दुकानदारांना एक विनंती : गिऱ्हाइकाची साखर वरखाली होत असेल तर डोळ्यातलं भिंग फुगून नंबरही बदलत राहतो. तेव्हा लगेच चष्मा करून देऊ नका, आधी पडदा तपासून यायला सांगा.

आपली,
एक चष्मा दुकानदार
केज, जि. बीड