त्रुटी एकदाच सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या मानेवाडा भागात आमचा १,२०० चौरस फुटांचा प्लॉट आहे. वडिलांनी तो गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या छोट्या प्लॉटांमध्ये घेतला आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून आरएल पत्रही (प्लॉट नियमित झाल्याचे पत्र) मिळवले. आता घर बांधायला निघालो, तर घराच्या नकाशाच्या मंजुरीसाठी कार्यालयात चकराच सुरू आहेत. पहिल्या वेळी मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा) मागितली. ती आणली, तेव्हा विकास शुल्काची जुनी पावती हवी होती. तीही शोधून काढली, तर मग नकाशातली मागची मोकळी जागा कमी निघाली. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या नसत्या का?

२०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी प्रक्रिया मुद्दाम सोपी ठेवली आहे. आमचा प्लॉट जेमतेम १११ चौरस मीटरचा. ही सवलत आहे, हे आम्हाला खिडकीवर कोणी सांगितले नाही, आर्किटेक्टकडून कळले.

मंजूर नकाशा नसेल तर बँक गृहकर्ज देत नाही. तोवर भाड्याच्या घराचे पैसे जातात आणि मिस्त्री दुसऱ्या कामाला लागतो. बेसा, हुडकेश्वरकडे कितीतरी लोक शेवटी कंटाळून विनापरवाना बांधकाम करतात. त्यांना दोष देण्याआधी सर्व त्रुटी एकाच वेळी, लेखी कळवण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर घालावे. कागदपत्रांची यादीही कार्यालयाबाहेर मराठीत, ठळक अक्षरांत लावावी, ही विनंती.

– एक प्लॉटधारक, मानेवाडा, नागपूर