मंत्रिमहोदय, तपासणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा

मा. आरोग्यमंत्री,
नमस्कार.

मी लहानपणापासून पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची चौकट, लावून चालते, त्यामुळे तपासण्या आणि फिजिओथेरपी अंगवळणी पडलंय. गुडघा किती वाकतो, स्नायूत ताकद किती, सगळं फाइलमध्ये आहे. पण स्वतःकडे आरशात बघताना तुला कसं वाटतं, हे मला कधीच कोणी विचारलं नाही. जे विचारायचं तेही आईला, "हिला दुखतं का?" अहो मी समोरच बसलेय, बोलता येतं मला!

हे लाड नाहीत साहेब, उपचारांचाच भाग आहे. वाढीच्या वयात पाठीचा कणा वाकायला लागला की ब्रेस, म्हणजे पाठीला आधार देणारा कडक पट्टा, देतात, बऱ्याचदा दिवसाचे 16 ते 23 तास घालायचा, आणि जितके जास्त तास तितका फायदा जास्त, हे 2013 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. आता चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, टी-शर्टमधून ब्रेसच्या कडा दिसतायत, मागच्या बाकावरची पोरं पाठीवर टकटक करून बघतायत, मग ती शाळेत पोचली की बाथरूममध्ये जाऊन ब्रेस काढून ठेवते आणि तपासणीत सांगते, घालते की रोज. डॉक्टर वैतागतात, मुलगी ऐकत नाही म्हणे.

दुसरीकडे कौतुकाचा मारा. जिना चढले तरी 'किती प्रेरणादायी'! त्या वयात कोणाची प्रेरणा नाही हो व्हायचं असतं, कोणाला तरी आवडायचं असतं. पण प्रेमाबिमाचा विषय घरात निघतच नाही, आमच्या बाबतीत तर नाहीच नाही.

समुपदेशक नेमा असं सगळेच सांगतील, नेमाच. पण सोबत असंच शरीर घेऊन मोठी झालेली माणसं ओपीडीत पगारावर घ्या. मला कॉलेजात एक सीनियर भेटली, कॅलिपरवर स्टिकर चिकटवून बिनधास्त शॉर्ट्समध्ये फिरणारी, तिच्याशी गप्पा मारून जे मोकळं वाटलं ते कुठल्याच अपॉइंटमेंटमध्ये वाटलं नव्हतं. आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही, संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात कलम 26 मध्ये पीअर सपोर्ट, म्हणजे आपल्यासारख्याच माणसांचा आधार, लिहिलेलाच आहे, कलम 7 मध्ये मुलांचं स्वतःचं मत ऐका असंही.

'स्वतःकडे बघताना तुला कसं वाटतं?' तेवढा रकाना वाढवा, आणि तो भरताना आईवडिलांना दहा मिनिटं बाहेर बसवा. रागावतील थोडे, चालेल.

आपली,
एक कॅलिपरवाली