त्या सिस्टरांचे आभार

आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नाशिकच्या त्या वॉर्डात अकरा दिवस ज्यांनी तिला सांभाळलं, त्यांची नावं विचारायची राहूनच गेली.

आम्ही घरचे तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचो, जणू तिला काही कळतच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "दादा, वाचा गेली म्हणजे समज गेलीच असं नसतं. त्यांच्याशी बोला." त्या स्वतः स्टूल ओढून आईच्या डोळ्यांसमोर बसत, एका वेळी एकच प्रश्न विचारत आणि थांबत. 'हो' असेल तर आईने डाव्या हाताने त्यांचा हात दाबायचा. कूस बदलायच्या आधीही सांगत, "आजी, आता वळवते हं." ड्युटी बदलताना हाताची ही खूण पुढच्या सिस्टरला खाटेपाशीच समजावून देत. किती मोठी गोष्ट आहे ही!

मी घाईने पाणी पाजायला गेलो, तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. आधी गिळता येतंय का ते बघायचं, हे शांतपणे समजावलं.

"बरं वाटलं की गंगेवर जायचं ना, आजी?" एकीने विचारलं. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) आईने हात दाबला, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा हसली.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आई गंगेवर जाऊन आली.