मीटरच्या नोंदीची एक प्रत ग्राहकाकडेही असावी : मा. ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

वीजमीटरच्या नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडे एकसारखी प्रत असलेल्या साखळीबद्ध संगणकीय नोंदवहीत, ठेवून पाहाव्यात, ही विनंती करण्यासाठी पंचगंगाकाठच्या एका उपसा जलसिंचन संस्थेचा सचिव या नात्याने हे पत्र लिहीत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची जॅकवेल (नदीकाठची पंपांची विहीर) आणि मीटरपेटी पाण्याखाली गेली, मोटारी कित्येक दिवस बंद राहिल्या, तरी त्या काळाचे बिल आधीच्या वापराची सरासरी धरून आले. मोटार चालू-बंद केल्याची वेळ आणि मीटरचा आकडा आमचा पंपचालक रोज लिहून ठेवतो. ती पाण्याने फुगलेली वही घेऊन आम्ही संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा संगणकातला आकडाच ग्राह्य असल्याचे सांगण्यात आले. बिल पुढे दुरुस्त झाले. मात्र ती दुरुस्ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केली, याची नोंद आम्हाला आजवर पाहता आलेली नाही.

सातबाऱ्यावर नाव बदलले की फेरफार क्रमांक पडतो आणि जुने नाव कंसात जाते, पुसले जात नाही. ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला अशीच बांधलेली असते, आणि वहीची प्रत एकाच दप्तरात न राहता वितरण कंपनी, वीज नियामक आयोग आणि ग्राहकांची संस्था अशा सर्वांकडे राहू शकते, त्यामुळे एकाने गुपचूप केलेला बदल इतरांच्या प्रतींशी जुळत नाही. लखनौमध्ये २०२० साली छतावरील सौरवीज ग्राहकांनी आपसात विकण्याचा प्रायोगिक प्रकल्प याच तंत्रावर उभा राहिला.

या तंत्राच्या मर्यादाही मी जाणतो. मीटरच सदोष असेल तर चुकीचा आकडा तितक्याच भक्कमपणे नोंदला जाईल, म्हणून मीटरची तपासणी आधी हवी. बिटकॉइनप्रमाणे प्रचंड वीज खाणारी पद्धत येथे मुळीच नको. ओळखीच्या, परवानगी दिलेल्या संस्थांनीच नोंदी प्रमाणित केल्या तर ती गरज उरत नाही. आणि घराच्या तासातासाच्या वापरावरून घर कधी रिकामे असते हेही कळते, म्हणून मूळ आकडे साखळीवर न ठेवता केवळ त्यांचा अंकीय ठसा (आकड्यांवरून गणिताने काढलेली, आकडा बदलला की बदलणारी खूण) ठेवावा आणि आकडे कोणाला दाखवायचे हे, वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याला धरून, ग्राहकानेच ठरवावे.

आमची विनंती मर्यादित आहे. करवीर तालुक्यातील एक शेतीपंपांचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फीडर निवडून, उसाचा एक पूर्ण हंगाम मीटरच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवण्याचा प्रयोग करावा, आणि बिलातील प्रत्येक दुरुस्ती कारणासह ग्राहकाला दिसेल अशी अट त्यात घालावी. आमच्या संस्थेच्या जुन्या वह्या पडताळणीसाठी देण्यास आम्ही तयार आहोत.

आपला नम्र,
सचिव, उपसा जलसिंचन संस्था,
ता. करवीर, जि. कोल्हापूर