मिरकरवाडा बंदरातल्या तांडेल (होडीचे प्रमुख) चाचांना

चाचा, सलाम.

समोर आलात की तुम्ही आभार मानू देत नाही. "जा गो, आधी त्या माशाला पाण्यात सोड," म्हणता आणि वळता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. रत्नागिरीच्या मत्स्यालयात येणारी माणसं देवमाशाच्या सांगाड्यासमोर थबकतात, मग काचेच्या टाक्यांकडे वळतात. टाकीवर माशाचं मराठी नाव असतं, शास्त्रीय नाव असतं. तो जिवंत इथवर कुणी आणला हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्या टाक्यांची देखभाल मी करते, तेव्हा हे सांगायचं काम माझंच.

मासा पकडणं वेगळं आणि जिवंत आणणं वेगळं. खोल पाण्यातला हेकरू मासा भराभर वर ओढला तर पाण्याचा दाब एकदम उतरतो, त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि टाकीत सोडल्यावर तो उलटा तरंगत राहतो. तुम्ही आमच्यासाठी उथळ खडपातलाच हेकरू धरता. गळ सावकाश वर घेता. हात ओला केल्याशिवाय त्याला शिवत नाही, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग जखम चिघळायला वेळ लागत नाही. हे सगळं पुस्तकात आहे, मीही वाचलं होतं. पण होडी हेलकावते आहे, खलाशांना घरी जायचं आहे, बाकीचं म्हावरं बर्फात घालायचं आहे, अशा वेळी वीतभर माशासाठी थांबून हात ओला करणारं माणूस मी तुमच्या होडीवरच पाहिलं.

एप्रिल-मे महिन्यात तर तुमची कमाल असते. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. तुम्ही पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळता, ते सावलीत ठेवता, एका पिंपात फार मासे घालत नाही आणि निघण्याआधी फोन करता. त्या फोनमुळे माझी टाकी तयार असते. मग बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंबथेंब पिंपात सोडायचं, दोन्हीकडचं तापमान आणि खारटपणा जुळेपर्यंत. घाई केली की मासा त्या दिवशी बरा दिसतो आणि दोन दिवसांनी जातो.

पाण्याचं तर तुमच्याकडूनच शिकले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, पण पावसाळ्यात भाट्याच्या खाडीतून गोडं पाणी उतरलं की किनाऱ्याजवळचा हिशेब पार बदलतो. माशाला थोडाफार बदल सोसतो. तारामाशाला नाही, त्याला शरीरातलं मीठ सांभाळता येत नाही. भरती पूर्ण भरत आली की पाणी घ्या, ओहोटी लागली की खाडी बाहेर येते, हे तुम्ही धक्क्यावर उभ्या उभ्या सांगितलंत. खारटपणा मोजायचं यंत्र माझ्या हातात होतं. भरतीचं आणि ओहोटीचं, दोन्ही पाणी तपासलं. तुमचं बोलणं तंतोतंत खरं होतं. आता साठवणीच्या टाक्या आम्ही पावसाच्या आधी, उधाणाच्या भरतीला भरून घेतो.

आणि केंड मासा! त्याचे दात एकत्र जुळून चोच झालेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. कठीण काही फोडायला मिळालं नाही तर ती इतकी वाढते की त्याला तोंड मिटता येत नाही. न मागता तुम्ही तिसऱ्यांची पिशवी आणून दिलीत, शिंपल्यांसकट. केंड ती फोडतो तेव्हाचा कट्ट आवाज काचेबाहेर ऐकू येतो. शाळेची मुलं त्यासाठी टाकीपाशी रेंगाळतात आणि मग मला चोचीबद्दल बोलायला मिळतं. तो माझ्या दिवसातला सगळ्यात आवडता भाग आहे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पण टाकीतल्या जिवांची भूक बंद नसते. नुसती बर्फातली तारली देत राहून भागत नाही, तिच्यात ब1 जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. बंदी लागायच्या आधी तुम्ही कोळंबी आणि लहान मासळी आमच्यासाठी बाजूला काढता, म्हणून त्या दोन महिन्यांत मला खाणं आलटून पालटून देता येतं. त्या घाईच्या दिवसांत चांगला भाव सोडून तुम्ही हे करता, हे मला ठाऊक आहे.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. जाळ्यात समुद्रघोडा आला होता तेव्हा तुम्ही तो आमच्याकडे आणला नाहीत. 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे हे तुम्हाला माहीत होतं. तो जिवंत आहे हे पाहून तुम्ही तिथेच त्याला सोडलंत आणि परत आल्यावर मला फक्त सांगितलंत. मुलं विचारतात, तुमच्याकडे समुद्रघोडा का नाही? मी त्यांना ही हकीकत सांगते. नर पिल्लांना पोटावरच्या पिशवीत वाढवतो, त्याला जठर नसतं म्हणून तो दिवसभर खात राहतो, हे सांगते, आणि एका तांडेलाने त्याला परत दर्यात सोडलं, हेही सांगते. तुमचं नाव घेऊ नको म्हणालात, म्हणून घेत नाही.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला की पहिल्या उधाणाला गाडी आणि पिंपं घेऊन धक्क्यावर येते. नातीला शाळेला सुट्टी असेल तर तिलाही आणा. केंडाला तिसऱ्या तिच्या हातूनच घालू.

तुमची,
मत्स्यालयातली